विश्लेषण : ॲल्युमिनियमची जुनी मोटरबोट घरच्या घरी दुरुस्त करता येते का? खाऱ्या पाण्यात धोका कशाचा?

दरवर्षी १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. या काळात करंजा, रेवस, बोडणी, थळ, राजपुरी, भरडखोल अशा रायगडच्या बंदरांत नौका किनाऱ्याला ओढल्या जातात, शाकारल्या जातात. कुठे सडलेली फळी बदलली जाते, कुठे फायबरचा थर चढतो, कुठे इंजिन खोलले जाते. लाकूड आणि फायबर यांची दुरुस्ती येथल्या कारागिरांच्या हातात मुरलेली आहे. ॲल्युमिनियमची बोट मात्र या किनाऱ्यावर अजून पाहुणीच आहे. वजनाला हलकी, दिसायला साधी आणि ‘गंजत नाही’ अशी ख्याती असलेली जुनी बोट विकत घेऊन वाडीत किंवा अंगणात तिची डागडुजी करण्याची कल्पना मोहक वाटते. हे काम घरी होऊ शकते, पण लाकडाच्या होडीची पद्धत तिला लावली तर बोट वरून चकचकीत आणि तळातून पोखरलेली राहते. काय पाहायचे, काय टाळायचे आणि कोणते काम कारागिरावर सोडायचे, याचा हा आढावा.

ॲल्युमिनियमच्या बोटी येतात कुठून?

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील विमान कारखान्यांकडे ॲल्युमिनियमचे पत्रे आणि ते रिव्हेटने जोडणारे कुशल हात मोकळे झाले. ग्रुमन या विमाने बनवणाऱ्या कंपनीने १९४५ च्या सुमारास ॲल्युमिनियमच्या छोट्या होड्या बाजारात आणल्या. पुढे उत्तर अमेरिकेतील तळ्यांवर अशा होड्या आणि मोटरबोटी सर्रास दिसू लागल्या. तिथे जुनी बोट गॅरेजमध्ये आणून दुरुस्त करणे हा आजही अनेकांचा सुट्टीतला उद्योग आहे.

आपल्याकडे हा धातू मोठ्या आणि वेगवान नौकांमध्ये जास्त दिसतो. तटरक्षक दलाच्या अनेक गस्ती इंटरसेप्टर बोटी ॲल्युमिनियमच्या आहेत. कोची येथे एप्रिल २०२३ मध्ये सुरू झालेल्या वॉटर मेट्रोच्या बोटींचे सांगाडेही ॲल्युमिनियमचेच आहेत. जुन्या व्यापारी जहाजांवरील काही जीवनरक्षक नौका याच धातूच्या असत. जहाज तोडणीला गेले, की त्याच्यावरचे सामान अलंगसारख्या ठिकाणच्या जुन्या बाजारात विक्रीला येते. शिवाय धरणांच्या जलाशयांवर वापरलेल्या बोटीही हस्तांतरित होतात.

बोट आधी कुठे होती, हा पहिला प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा. गोड्या पाण्यासाठी बांधलेल्या बोटीचा पत्रा पातळ असू शकतो आणि तिला खाऱ्या पाण्यासाठी लागणारे संरक्षण दिलेले नसू शकते. जलाशयात वीस वर्षे टिकलेली बोट रेवदंड्याच्या खाडीतही तशीच टिकेल, असे गृहीत धरता येत नाही.

ॲल्युमिनियम गंजत नाही ना?

लोखंडासारखा तांबडा गंज त्याला चढत नाही, एवढेच खरे. हवेशी संपर्क येताच ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा अतिशय पातळ, घट्ट थर तयार होतो आणि तोच आतल्या धातूचे रक्षण करतो. ओरखडा पडला तरी थर पुन्हा तयार होतो. समुद्री कामासाठीच्या ५०५२, ५०८३, ५०८६ या क्रमांकांच्या मिश्रधातूंत मॅग्नेशियम असते आणि ते खाऱ्या पाण्यात चांगले तग धरतात.

अडचण दोन ठिकाणी येते. जिथे ओल अडकून राहते आणि हवा पोहोचत नाही, तिथे हा थर पुन्हा तयार होत नाही. मिठातील क्लोराइड त्याला भेदते आणि बारीक खड्डे पडत जातात. भिजलेला गालिचा, ओला फोम, तळात साचलेली वाळू आणि पाने यांच्याखाली पत्रा आधी खराब होतो, तो यामुळे.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले, की त्यांची एक छोटी बॅटरी तयार होते. त्यांतला जास्त क्रियाशील धातू झिजतो. तांबे, पितळ, ब्राँझ किंवा स्टेनलेस स्टील यांच्या जोडीला ॲल्युमिनियम बसले, की झीज ॲल्युमिनियमच्या वाट्याला येते. लाकडाच्या किंवा फायबरच्या होडीत पितळी व्हॉल्व्ह, तांब्याचे खिळे चालतात. इथे तेच भाग पत्र्याला भोक पाडू शकतात.

याचा इतिहासातला प्रसिद्ध दाखला १८९५ चा आहे. अमेरिका चषकाच्या शिडाच्या नौकांच्या शर्यतीसाठी ‘डिफेंडर’ ही नौका बांधताना वजन वाचवण्यासाठी पाण्यावरचा भाग ॲल्युमिनियमचा आणि पाण्याखालचा भाग ब्राँझचा केला गेला. नौका शर्यत जिंकली, पण दोन धातूंच्या संगतीने ती इतक्या वेगाने झिजली, की १९०१ मध्ये ती मोडीत काढावी लागली. आज एवढी मोठी चूक कोणी करत नाही. तरीही पितळी नळ, तांब्याच्या तारेचा तुकडा किंवा पूजेत वाहिलेले नाणे बोटीच्या ओल्या तळात पडून राहणे हे त्याच चुकीचे छोटे रूप आहे. पाच रुपयांचे पिवळे नाणेही निकेल-पितळेचे, म्हणजे मुख्यतः तांब्याचे असते.

विकत घेण्यापूर्वी काय तपासावे?

पोचे पाहून घाबरू नये. पोचा ठोकून काढता येतो आणि बऱ्याचदा तो तसाच ठेवला तरी चालतो. तपासणी चार ठिकाणी बारकाईने करावी. पहिले ठिकाण म्हणजे ट्रान्सम, म्हणजेच इंजिन टांगलेली मागची उभी भिंत. इंजिनाचा वरचा भाग धरून पुढे-मागे दाबावा. भिंत लवत असेल तर आतले लाकूड कुजलेले आहे, असे समजावे.

दुसरे ठिकाण तळ. जमीन खोलून पाहता आली तर उत्तम, नाही तर निदान पाणी काढण्याच्या बुचाजवळचा भाग पाहावा. पांढरी भुकटी आणि रंगाखाली आलेले फोड ही झीज सुरू असल्याची खूण आहे. एखाद-दुसरा उथळ खड्डा चालतो. अणकुचीदार सुईने टोचताच आरपार जाणारे खड्डे तळभर असतील तर बोट भंगाराच्या भावानेही महाग पडते. तिसरे, आतल्या आडव्या पट्ट्या आणि कण्याच्या जोडाजवळच्या केसासारख्या भेगा. चौथे, आधीच्या मालकाने केलेली दुरुस्ती. लोखंडी स्क्रू, डांबराचे थर, पुट्टीचे थापे दिसले, तर त्यांच्याखाली काय आहे ते पाहिल्याशिवाय किंमत ठरवू नये.

पाचवी तपासणी कागदांची, आणि रायगडमध्ये ती सर्वांत आधी करावी. त्याबद्दल पुढे.

गळती कशी शोधायची?

बोट पाण्यात टाकून गळती शोधण्यापेक्षा बोटीत पाणी टाकून शोधणे सोपे आणि सुरक्षित असते. बोट लाकडी घोड्यांवर समतल ठेवावी, तळ आणि बाहेरची बाजू कोरडी पुसावी आणि आत थोडे थोडे पाणी भरावे. बाहेर जिथे थेंब दिसेल तिथे खडूने खूण करावी.

यात एक खबरदारी आवश्यक आहे. १२ फूट लांब आणि ४ फूट रुंद तळाच्या बोटीत १० सेंटिमीटर पाणी म्हणजे चारशे किलोहून जास्त भार होतो. पाण्यात तरंगताना तळाला सगळीकडून आधार असतो, घोड्यांवर तो दोन-तीन ठिकाणीच असतो. म्हणून आधार जवळजवळ, कण्याखाली आणि आडव्या पट्ट्यांखाली द्यावेत. तळ भिजेल इतपतच पाणी भरावे आणि पाणी असताना कोणीही बोटीखाली जाऊ नये.

रिव्हेट बदलायचे की वेल्डिंग करायचे?

जुन्या छोट्या बोटी बहुधा रिव्हेटने जोडलेल्या असतात. आपल्याकडचे कारागीर त्यांना रिपीट म्हणतात. गळती बऱ्याचदा सैल झालेल्या रिपिटांतून होते. आतून जड लोखंडी ठोकळा दाबून धरायचा आणि बाहेरून हातोडीने ठोकायचे, अशा दोघांच्या कामाने सैल रिपीट पुन्हा घट्ट बसते. झिजलेले रिपीट ड्रिलने काढून त्या जागी किंचित मोठ्या मापाचे ॲल्युमिनियमचेच भरीव रिपीट मारावे. खिडक्या-दरवाजांना वापरतात ते साधे पॉप रिव्हेट मधून पोकळ असते. पाण्याखालच्या भागाला ते चालत नाही. आतून हात पोहोचत नसेल तर बंद टोकाचे पॉप रिव्हेट सीलंटसह वापरता येते.

सीलंट समुद्री वापराचे पॉलियुरेथेनचे असावे. व्हिनेगरसारखा वास येणारे स्वस्त सिलिकॉन सुकताना ॲसिटिक आम्ल सोडते. ते धातूला मानवत नाही आणि त्याच्यावर पुढे रंगही धरत नाही.

भेग असेल तर वेल्डिंग लागते आणि हे काम घरी करू नये. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सियसला वितळते, पण त्याच्यावरचा ऑक्साइडचा थर वितळायला दोन हजार अंशांहून अधिक तापमान लागते. थर साफ न करता आच दिली, तर वरचा थर तसाच राहतो आणि आतला धातू ढासळतो. त्यासाठी आर्गन वेल्डिंग आणि ॲल्युमिनियमवर हात बसलेला वेल्डर हवा. त्याच्याकडे नेण्यापूर्वी पेट्रोलची टाकी, नळ्या आणि त्या जागेमागचा फोम काढून टाकावा. रिकाम्या टाकीतील वाफ भरलेल्या टाकीपेक्षा घातक ठरते आणि जळता फोम विषारी धूर सोडतो.

लाकूड कुठे असते आणि ते धातूला कसे बाधते?

बोट धातूची असली तरी ट्रान्समच्या आत, जमिनीखाली आणि बाकांत प्लायवुड असते. सर्वांत जास्त ताण ट्रान्समवर येतो. इंजिनाचे वजन आणि त्याचा जोर दोन्ही त्याच्यावर असतात. ते लाकूड बदलताना भारतीय मानकाचे आयएस ७१० क्रमांकाचे मरीन प्लाय घ्यावे. फर्निचरचे प्लाय चालत नाही.

इथे एक बारीक मुद्दा सुटतो. लाकूड किडू नये म्हणून त्यात भरलेल्या रसायनांत अनेकदा तांब्याचे क्षार असतात. असे ओले लाकूड ॲल्युमिनियमला टेकले की आधी सांगितलेली बॅटरी पुन्हा सुरू होते. म्हणून कोणती प्रक्रिया केलेली आहे ते विकणाऱ्याला विचारावे. लाकडाच्या सर्व कडा आणि बोल्टची भोके इपॉक्सीने पूर्ण बंद करावीत. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे असतील तर त्यांच्याखाली नायलॉनचे वॉशर आणि आवरण द्यावे, तसेच सीलंटही लावावे. दोन धातूंच्या मध्ये कोरडा, पाणी न शोषणारा थर असणे हे या संपूर्ण दुरुस्तीचे सूत्र आहे.

रंगाचे काम शेवटी का?

डागडुजी म्हटले की आधी रंग आठवतो. पण रंग हा दुरुस्तीचा शेवटचा टप्पा आहे आणि सर्वाधिक चुका त्यातच होतात. जुना रंग काढण्यासाठी कॉस्टिक सोडा वापरू नये. तो रंगाबरोबर ॲल्युमिनियमही विरघळवतो आणि त्यातून ज्वलनशील हायड्रोजन वायू बाहेर पडतो. फरशी साफ करण्याचे ॲसिडही वापरू नये. लोखंडी तारेचा ब्रशही नको. त्याचे कण पत्र्यात रुततात आणि पुढे तिथेच खड्डे पडतात. ॲल्युमिनियमला चालणारे रंग काढण्याचे रसायन, नायलॉनची पॅडे किंवा फक्त याच कामासाठी ठेवलेला स्टेनलेस स्टीलचा ब्रश वापरावा.

जुन्या बोटींच्या रंगाखाली पिवळसर हिरवा प्रायमर सापडला तर सावध व्हावे. तो झिंक क्रोमेटचा असू शकतो आणि त्यातील क्रोमियमची धूळ कर्करोगकारक आहे. जुन्या रंगात शिसेही असू शकते. असा थर कोरडा घासू नये. वॉटर पेपरने ओला घासावा, योग्य मास्क वापरावा, खरवड गोळा करून वेगळी ठेवावी. अंगणात मुले खेळतात, कोंबड्या फिरतात आणि विहीर जवळ असते, तिथे हे काम करूच नये.

पत्रा स्वच्छ झाला की त्याच दिवशी प्रायमर लागला पाहिजे, कारण ऑक्साइड लगेच पुन्हा तयार होऊ लागतो. ॲल्युमिनियमसाठीचा एच प्रायमर किंवा इपॉक्सी प्रायमर आणि त्याच्यावर रंग, असा क्रम असतो. कोकणात पावसाळ्यात हवेतील आर्द्रता इतकी असते की इपॉक्सी नीट धरत नाही, पत्र्यावर दव बसते. त्यामुळे धातू, लाकूड आणि इंजिनाची कामे पावसाळ्यात छपराखाली करावीत आणि रंग ऑक्टोबरनंतर कोरड्या हवेत काढावा, हे वेळापत्रक सोयीचे पडते. मासेमारी नौकांना ही मुभा नसते. त्यांना नारळी पौर्णिमेच्या सुमारास पाण्यात उतरावेच लागते.

तळाला शंख-शिंपले धरू नयेत म्हणून किनाऱ्यावर लावला जाणारा रंग बहुधा तांबेयुक्त असतो. लाकडाला आणि फायबरला तो ठीक आहे. उघड्या ॲल्युमिनियमला तो लावणे म्हणजे संपूर्ण तळाला तांब्याचा लेप देणे होय. ॲल्युमिनियमसाठी तांबेविरहित रंग वेगळे मिळतात. बोट प्रत्येक फेरीनंतर ट्रेलरवरून घरी येणार असेल तर या रंगाची गरजच नसते, गोड्या पाण्याने धुणे पुरते.

बोट पाण्यातच राहणार असेल तर तळाला ॲनोड लावावेत. हे जस्ताचे किंवा खास ॲल्युमिनियम मिश्रधातूचे ठोकळे असतात. बोटीऐवजी ते झिजतात. ते उघड्या धातूला घट्ट टेकले पाहिजेत, त्यांच्यावर रंग लावू नये आणि निम्मे झिजले की बदलावेत. मॅग्नेशियमचे ॲनोड गोड्या पाण्यासाठी असतात. जलाशयावरून आणलेल्या बोटीला ते असतील तर खाऱ्या पाण्यात उतरण्यापूर्वी बदलावेत. विजेची जोडणी करताना मोटारीप्रमाणे सांगाड्याचा ‘अर्थ’ म्हणून वापर करू नये. प्रत्येक उपकरणाला ये-जा करणारी दोन्ही वायर हवी, नाहीतर भटक्या विजेने काही आठवड्यांत भोके पडू शकतात.

जुन्या इंजिनाचे काय?

बोटीच्या मागे बाहेरून लावलेले इंजिन वर्षानुवर्षे बंद असेल तर ते थेट सुरू करू नये. हे इंजिन बाहेरचे पाणी ओढून स्वतःला थंड करते. पाणी ओढणारा रबरी पंखा पडून राहिल्याने कडक होतो. आधी तो बदलावा आणि इंजिन पाण्याने भरलेल्या मोठ्या पिंपात ठेवून, मोकळ्या हवेत सुरू करावे. पाण्याशिवाय काही क्षण चालवले तरी पंखा फाटतो. खालच्या गिअरचे तेल काढून पाहावे. ते दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे आणि सील बदलावे लागतील. प्रत्येक फेरीनंतर इंजिनातून दहा-पंधरा मिनिटे गोडे पाणी फिरवणे हा खाऱ्या पाण्यातला सर्वांत स्वस्त विमा आहे.

इंधन हा अलीकडचा नवा प्रश्न आहे. देशात आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. बोटीच्या इंजिनांचे अनेक उत्पादक मात्र १० टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणालाच मान्यता देतात. जुन्या इंजिनाच्या रबरी नळ्या आणि कार्बुरेटरच्या गॅस्केट इथेनॉलने मऊ पडतात. शिवाय इथेनॉल हवेतील ओल शोषते. पाणी वाढले की ते इथेनॉलसह टाकीच्या तळाशी वेगळे होते आणि इंजिन भर खाडीत बंद पडते. म्हणून नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या बसवाव्यात, पाणी वेगळे करणारा फिल्टर लावावा आणि महिनोन्महिने टाकीत पेट्रोल ठेवू नये.

बोटीला सोसेल त्याहून मोठे इंजिन बसवण्याचा मोहही टाळावा. नवी फोर-स्ट्रोक इंजिने त्याच ताकदीच्या जुन्या टू-स्ट्रोक इंजिनांपेक्षा बहुधा जड असतात. मागची बाजू दबली की लाट आत येते.

पाणी भरले तर बोट तरंगेल का?

लाकडाची होडी पाण्याने भरली तरी बहुधा तरंगत राहते, तिला धरून माणसे वाट पाहू शकतात. ॲल्युमिनियम पाण्याच्या २.७ पट जड आहे. फोम नसेल तर बोट सरळ तळाला जाते. म्हणून बाकांखाली आणि जमिनीखाली फोम भरलेला असतो. जुना फोम पाणी शोषून जड झालेला असतो आणि पत्र्याला ओलही देतो. तो काढून पाणी न शोषणारा बंद पेशींचा फोम भरावा.

किती फोम लागतो? उदाहरणादाखल, बोटीचा पत्रा १२० किलो आणि इंजिन ४० किलो धरू. पाण्यात बुडाल्यावर ॲल्युमिनियमचे भासमान वजन सुमारे ७५ किलो आणि इंजिनाचे ३० किलोच्या आसपास राहते. एक लिटर फोम साधारण एक किलो उचलतो. म्हणजे रिकामी बोट बुडू नये यासाठीच शंभर लिटरहून जास्त फोम हवा. तिला धरून राहणाऱ्या माणसांचा भार आणि बॅटरीसारखे सामान धरले तर दीडशे लिटरच्या खाली जाऊ नये. फोमचा बराचसा भाग बाजूंना, उंचावर ठेवावा, म्हणजे पाणी भरलेली बोट उलटत नाही. हा खर्च बाहेरून दिसत नाही, म्हणून घरगुती दुरुस्तीत तोच आधी कापला जातो.

बोट माझी, अंगण माझे, मग कागद कशाला?

रायगडच्या किनाऱ्यावर या प्रश्नाला इतिहास आहे. १९९३ मध्ये मुंबईतील बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटके श्रीवर्धन तालुक्यात शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरवली गेली. २००८ मध्ये ‘कुबेर’ ही मासेमारी नौका ताब्यात घेऊन दहशतवादी मुंबईपर्यंत आले. त्यानंतर नौकांची नोंदणी आणि खलाशांची ओळखपत्रे यांवर भर दिला गेला. १८ ऑगस्ट २०२२ रोजी हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला ‘लेडी हान’ ही निर्मनुष्य नौका लागली आणि तिच्यात तीन एके-४७ रायफली सापडल्या. ओमानजवळ इंजिन बंद पडल्याने खलाशांनी ती सोडून दिली होती आणि ती वाहत इथवर आली, असे तपासात पुढे आले. तोवर जिल्ह्यात नाकाबंदी झालेली होती. अशा किनाऱ्यावर नोंदणी क्रमांक नसलेली बोट खाडीत उतरवली तर तिची चौकशी होणारच.

मोटरबोटीसाठी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे जावे लागते. रायगडचा किनारा मंडळाच्या मोरा आणि राजपुरी या बंदर समूहांत येतो. १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आलेल्या अंतर्देशीय नौका अधिनियम, २०२१ मध्ये यांत्रिक नौकांची पाहणी, नोंदणी आणि विमा यांच्या तरतुदी आहेत. मासेमारी करायची असेल तर महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ खालील मत्स्यव्यवसाय विभागाचा परवाना वेगळा लागतो. पैसे घेऊन पर्यटक फिरवायचे असतील तर अटी आणखी कडक होतात. घरच्या वापरासाठी दुरुस्त केलेली बोट ‘शनिवार-रविवार दोन फेऱ्या’ म्हणून प्रवासी वाहतुकीला लावणे बेकायदा आणि धोकादायक आहे.

म्हणून बोट घेताना विक्रीचा करार, आधीचे नोंदणी प्रमाणपत्र, इंजिनाचा क्रमांक आणि खरेदीची पावती घ्यावी. सांगाड्यावरचा क्रमांक घासून किंवा रंगवून पुसू नये. पत्रा कापणे, इंजिनाची ताकद वाढवणे असे बदल करण्यापूर्वी बंदर कार्यालयात विचारून घ्यावे. काम झाल्यावर नोंदणी नाकारली गेली तर सारी मेहनत अंगणातच राहते.

पहिली चाचणी कशी घ्यावी?

१८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला करंजाजवळच्या समुद्रात नौदलाची वेगवान बोट धडकली. १५ जणांचा जीव गेला. नौदलाच्या निवेदनानुसार त्या बोटीच्या इंजिनाची चाचणी सुरू होती आणि इंजिनातील बिघाडामुळे तिच्यावरचे नियंत्रण सुटले. प्रशिक्षित चालक असतानाही जे घडले, ते घरच्या दुरुस्तीत घडणार नाही असे कोणी म्हणू नये. नवे किंवा खोललेले इंजिन गर्दीच्या पाण्यात तपासायचे नाही, हा त्याचा सरळ धडा.

पहिल्या दिवशी बोट दोरीने धक्क्याला बांधून तासभर नुसती तरंगत ठेवावी आणि खडूच्या खुणांच्या जागा पुन्हा तपासाव्यात. दुसऱ्या वेळी बांधलेल्या स्थितीतच इंजिन चालवावे. तिसऱ्या वेळी, भरती पूर्ण झाल्यावर पाणी स्थिर असताना, फेरीबोटींच्या मार्गापासून दूर, कमी वेगात फेरी मारावी. मोठ्या उधाणात या किनाऱ्यावर पाणी चार मीटरहून अधिक चढते-उतरते. ओहोटीला खाडीच्या मुखातून बाहेर जाणारा प्रवाह बंद इंजिनाची बोट सहज ओढून नेतो. सोबत दुसरा माणूस, दुसरी बोट, वल्ही, नांगर आणि पुरेशी दोरी हवी. प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट हवे, ते बाकाखाली ठेवलेले नसावे. चालक पडला तर इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला अडकवावी. तटरक्षक दलाचा १५५४ हा मदत क्रमांक फोनमध्ये आणि बोटीवर लिहिलेला असावा.

पावसाळ्यात चाचणी घेऊ नये. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ‘रामदास’ ही आगबोट खडकाळ काशाच्या बेटाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. तिच्यापुढे बारा फुटांची बोट म्हणजे काहीच नाही.

हा खटाटोप परवडतो का?

सांगाडा शाबूत असेल, ट्रान्समचे लाकूड, रिपीट, फोम, नळ्या आणि रंग एवढेच बदलायचे असेल तर परवडतो. मेहनत स्वतःची असते आणि बोटीचा प्रत्येक जोड मालकाला ठाऊक होतो. समुद्रात बिघाड झाला तर ही माहिती उपयोगी पडते. तळभर खड्डे, कण्याला भेग किंवा कागदांचा पत्ता नसेल तर मोह आवरावा. अशा बोटीचे ॲल्युमिनियम भंगारात चांगल्या भावाने जाते. खनिजापासून नवा धातू काढण्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेच्या साधारण पाच टक्के ऊर्जेत ते पुन्हा वितळवून वापरता येते. त्यामुळे ती वाया गेली असे होत नाही.

किनाऱ्यावरच्या नाखव्यांची एक सवय इथे कामी येते. होडी ओढून घेतली की ते आधी तिच्याखाली वाकून तळ पाहतात, रंगाचा डबा नंतर उघडतात. ॲल्युमिनियमच्या बोटीसाठीही क्रम तोच ठेवावा. आधी कागद, मग तळ, मग ट्रान्सम, मग फोम आणि इंजिन. रंग सगळ्यांत शेवटी.